साठच्या पुढे

पुणे

प्रिय मित्रा,

लेस्टरहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. मॉरिस मायनरचं दुखणं तू इतक्या बारकाईनं लिहिलंयस की वाचून बाजूला ठेवणं शक्यच नव्हतं. पहिल्या झटक्याला सुरू होते, आयडलिंग सुरळीत, गावात फिरताना तक्रार नाही. मोटरवेवर ताशी 45 मैलांच्या पुढे मात्र पाय कितीही दाबला तरी गाडी उचलत नाही, उलट कुणी मागून धरून ठेवल्यासारखी वाटते. तिथल्या गॅरेजवाल्यानं नव्या कार्ब्युरेटरचं एस्टिमेट दिलंय आणि तू विचारतोस, बदलून टाकू का?

नको. कदाचित शेवटी कार्ब्युरेटरच निघेल, पण अजून कुणी ते सिद्ध केलेलं नाही. माझी पद्मिनी गाडी याच दुखण्यानं आजारी होती. ताशी साठ किलोमीटरच्या पुढे दम टाकायची आणि खंबाटकी घाटात तर रडकुंडीला यायची. इथल्या एका गॅरेजात आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग कार्ब्युरेटरचं किट. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गाडी जशीच्या तशी. शेवटी एका जुन्या मिस्त्रींच्या साथीनं शोध लागला. तो कसा लागला हे सविस्तर लिहितो, कारण तुझ्या-माझ्या गाड्या दिसायला वेगळ्या असल्या तरी आतून नात्यातल्याच आहेत. तुझं इंजिन 1098 सीसीचं, माझं 1089. दोन्हींत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि वर पुशरॉड. फायरिंग ऑर्डरसुद्धा एकच, 1-3-4-2. ताकद दोन्हींची चाळीस ते पन्नास घोड्यांच्या मधली, म्हणजे चार-पाच घोडे हरवले तरी लगेच जाणवावं अशी.

आधी एक हिशेब करून बघ, त्यानं डोकं साफ होतं. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर घुटमळत असतं तेव्हा पिस्टनला एकदा वरून खाली यायला साडेसदतीस मिलिसेकंद मिळतात. 4800 फेऱ्यांवर तेच काम सव्वासहा मिलिसेकंदांत उरकावं लागतं, सहावा हिस्सा वेळ. तेवढ्यात सिलिंडर भरायचा. तेवढ्याच अवधीत कॉइलमध्ये पुढच्या ठिणगीचा साठाही व्हायचा, कारण चार सिलिंडरच्या गाडीत क्रँकच्या प्रत्येक फेरीला दोन ठिणग्या लागतात, म्हणजे 4800 फेऱ्यांवर सेकंदाला 160. पॉइंट त्या वेळाच्या साधारण दोन-तृतीयांश भागापुरतेच मिटलेले असतात, म्हणजे कॉइलच्या वाट्याला जेमतेम चार मिलिसेकंद येतात. आयडलिंगला हेच पंचवीस असतात. म्हणून खालच्या वेगात अर्धमेली कॉइलसुद्धा धडधाकट दिसते. पेट्रोलचं तसंच. सपाट रस्त्यावर साठनं जाताना माझ्या गाडीला मिनिटाला साठ-सत्तर मिलिलिटर पुरतं, पण पाय पूर्ण दाबून इंजिन ताणलं की पाव लिटरच्या आसपास लागतं. नळीत थोडा अडथळा असेल तर तो गावात दिसणारच नाही.

म्हणून गॅरेजच्या दारात उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये रेस देऊन ‘इंजिन ठीक आहे’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. न्यूट्रलमध्ये भारच नसतो. थ्रॉटल जरासा उघडला तरी फेऱ्या चढतात, पेट्रोल चमचाभर लागतं. शिवाय सिलिंडरमध्ये दाब कमी असल्यामुळे ठिणगीलाही उडी मारायला सोपं जातं. पूर्ण थ्रॉटलला सिलिंडर गच्च भरला की त्याच प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. रोटरची किंवा कॅपची बारीक चीर तेव्हाच दगा देते. हे दुखणं रस्त्यावरचं आहे, ते रस्त्यावरच बघायला हवं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी मला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवली. सातारा रस्त्याला लागेपर्यंत ते काही बोलले नाहीत, नुसते ऐकत होते. नंतर त्यांनी जे प्रश्न विचारले तेच मी तुला विचारतो.

दम कुठे टाकते? प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाचा आवाज एका ठरावीक पट्टीला पोचला की टाकते, की फक्त टॉपमध्ये? तिसऱ्यात कमी वेगाला आणि टॉपमध्ये जास्त वेगाला, पण इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना अडत असेल तर दुखणं फेऱ्यांशी बांधलेलं आहे. मग पॉइंट, कॉइल, कंडेन्सर किंवा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा संशयित. तिसऱ्यात बेधडक वर जाते पण टॉपमध्ये चढावर मरते, असं असेल तर भाराचं दुखणं, आणि संशय पेट्रोलवर किंवा टायमिंगवर. आपल्या दोघांच्या गाड्यांना फेऱ्या दाखवणारं मीटर नाही, पण टॉप गिअर थेट असतो, त्यामुळे हिशेब करता येतो. माझ्या गाडीत टॉपमध्ये हजार फेऱ्यांना साधारण 25 किलोमीटरचा वेग पडतो. तुझ्या गाडीचा आकडा मागच्या अ‍ॅक्सलच्या गुणोत्तरावरून आणि टायरच्या घेरावरून काढ.

दुसरं, दम कसा टाकते? खाडखाड झटके देत मिसिंग करते, की आवाज गुळगुळीत राहून ताकदच ओसरते? झटके तीक्ष्ण असतील तर करंट तुटतोय. हळूहळू ओसरत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, हवा कमी पडतेय, टायमिंग मागे राहतंय किंवा धूर बाहेर पडायला वाट नाही. आणि इंजिनाचा आवाज चढतोय पण स्पीडोमीटरचा काटा हलत नाही, असं असेल तर इंजिनाला दोष देऊच नकोस, क्लच घसरतोय.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लगेच टाकते, की थोडा वेळ चांगली पळून मग? आणि बाजूला घेऊन मिनिटभर थांबलं की परत चांगली होते का? माझी गाडी नेमकं हेच करायची. साठच्या पुढे सुरुवातीला झेप घ्यायची, मग वीस-तीस सेकंदांत सगळं निवायचं. थांबून पाणी पिऊन निघालो की पुन्हा थोडा वेळ ठणठणीत. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडा साठा असतो. तो संपेपर्यंत गाडी पळते, नंतर जेवढं पेट्रोल येतं तेवढ्यावरच तिला भागवावं लागतं. थांबलो की चेंबर परत भरतो. हे लक्षण दिसलं की कॉइलवर एक पैसाही खर्च करू नये.

तरी मिस्त्रींनी आधी बिनपैशाच्या गोष्टी पाहून घेतल्या. एअर फिल्टर काढला. मला पाय पूर्ण दाबायला लावून वरून कार्ब्युरेटरच्या घशात डोकावले. थ्रॉटलची पाती पूर्ण उभी राहते का, चोकची पाती पूर्ण उघडते का? जुन्या गाड्यांत लिंकेज झिजून, वाकून किंवा पेडलखाली जाड गालिचा आल्यामुळे थ्रॉटल पाऊणच उघडतो आणि माणूस महिनोन्‌महिने जेट बदलत बसतो. चारही चाकांच्या ड्रमला हात लावून कुठला ब्रेक चिकटून गरम होतोय का तेही पाहिलं. तूही एवढं आजच करून घे.

मग बाटलीची परीक्षा. पद्मिनीत पेट्रोलचा पंप यांत्रिक असतो, आमच्याकडे सगळे त्याला एसी पंप म्हणतात. कॅमशाफ्टवरचा उंचवटा त्याचा दांडा हलवतो आणि आतला पडदा पेट्रोल मागच्या टाकीतून ओढून कार्ब्युरेटरकडे ढकलतो. कार्ब्युरेटरच्या तोंडची नळी सोडवून तिला लांब नळी जोडली, ती मापाच्या बाटलीत सोडली आणि चेंबरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन चालू केलं. (हे करताना आग विझवायचं नळकांडं हाताशी हवं, बाटली इंजिनापासून दूर हवी आणि कुणी विडी ओढत आसपास फिरकता कामा नये. यात हयगय नको.) सुरुवातीला धार जोरात आली, मग बुडबुडे आले आणि धार मरतुकडी झाली. तिथे जमलेला प्रत्येक जण म्हणाला, पंप गेला. मिस्त्री म्हणाले, पंपाला आधी विचारू.

विचारलं ते असं. टाकीकडून येणारी नळी पंपावरून काढली, तिथे नवी नळी लावून तिचं दुसरं टोक गाडीशेजारी ठेवलेल्या पेट्रोलच्या स्वच्छ डब्यात बुडवलं आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली. धार सलग, बुडबुडा नाही, बाटली झपाट्यानं भरली. पंप निर्दोष सुटला. एकही भाग विकत न घेता अर्धी गाडी संशयातून बाहेर पडली, कारण आता दोष पंपाच्या मागेच असणार होता. या एका परीक्षेनं मी अगदी भारावून गेलो. पंपाच्या पुढे की मागे, एवढा एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही.

मागे काय काय असतं? टाकीचं झाकण, त्याचं हवेचं बारीक छिद्र बुजलं की पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढवत नाही. झाकण उघडं ठेवून पाहिलं, फरक नाही. टाकीच्या तळाचा गाळ. थोडा निघाला, पण एवढं अडवण्यासारखा नव्हता. लोखंडी नळी, हवा मारून पाहिली, मोकळी. उरली टाकीजवळची वीतभर रबरी नळी. बाहेरून चकचकीत, कुठे चीर नाही की ओल नाही. मिस्त्रींनी ती ब्लेडनं उभी चिरली, तर आतलं अस्तर सुटून पापुद्र्यासारखं लोंबत होतं. हळू ओढलं की पेट्रोल त्याच्या बाजूनं जायचं. जोरात ओढलं की पापुद्रा आत खेचला जाऊन तोंडच मिटायचं, भिजलेल्या कागदी नळीनं सरबत ओढताना ती चपटी होते ना, तसं. ते बुडबुडेही त्यामुळेच. ओढ वाढली की नळीतला दाब उतरतो आणि पेट्रोलची वाफ होते, इंजिन तापलेलं असलं की आणखी लवकर.

अस्तर सुटायचं मोठं कारण मला इथेनॉल वाटतं. इकडे आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. सरकारनं आधी 2030 सालचं उद्दिष्ट ठरवलं होतं, ते अलीकडे ओढून 2025 वर आणलं. तुमच्याकडे 2021 च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलात 10 टक्क्यांपर्यंत आहे, आणि महागड्या सुपरमध्ये 5 टक्क्यांपर्यंत. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनत होती तेव्हाचं रबर या मिश्रणासाठी नव्हतंच. ते फुगतं, मऊ पडतं, सुटतं. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा सोडवतं आणि तो पुढे जेटमध्ये येऊन बसतो. गाडी फार दिवस उभी राहिली तर हवेतली ओल शोषून घेतं. तू गाडीतली पेट्रोलची एकूण एक रबरी नळी बदलून घे, बाहेरून कितीही चांगली दिसो. नव्या नळीवर ‘एसएई जे 30 आर 9’ असा शिक्का पाहून घे. नकली मालही फिरतो, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घे. मला तर वाटतं, जुनी गाडी रस्त्यावर ठेवणाऱ्या प्रत्येकानं ही वीतभर नळी दर काही वर्षांनी बदलायचं व्रतच घ्यावं. ताकद जाणं एकवेळ परवडलं, पण तीच नळी बाहेरून फुटली तर गाडी पेटते.

इथेनॉलचा दुसरा परिणाम जेटवर होतो. साध्या पेट्रोलला एक किलोमागे 14.7 किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त 9. वीस टक्के मिश्रणाला मग साडेतेराच्या आसपास. आपल्या कार्ब्युरेटरला हे कसं कळावं? तो जुन्याच मापानं पेट्रोल सोडतो आणि मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी पातळ होतं. आयडलिंगला स्क्रू फिरवून भागतं, वरच्या वेगाला मात्र मेन जेटच मोठा लागू शकतो. माझ्या सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. समज 125 च्या जागी 130 लावला, तर छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे 8 टक्क्यांनी वाढतं, अगदी हवं तेवढंच. पण जेटला हात लावायचा तो पुरवठा आणि टायमिंग ठीक झाल्यावर, आणि प्लग वाचून. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला थोडा वेळ पळवायची, मग एकदम क्लच दाबून इग्निशन बंद करायचं आणि गाडी तशीच बाजूला घ्यायची. किल्ली काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग कुलूपबंद होईल. प्लग काढून पाहा. पोर्सेलिन फिकट तपकिरी असेल तर छान, पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त. आयडलिंगवर घरी आणून काढलेला प्लग वरच्या वेगाबद्दल काहीच सांगत नाही.

नळी बदलली आणि गाडी साठच्या पुढे गेली. ऐंशीला लागली. मला वाटलं, संपलं. मिस्त्रींना पटलं नव्हतं. खंबाटकीत अजून जडपणा होता आणि रेडिएटरच्या तापमानाचा काटा चढताना नेहमीपेक्षा वर जायचा. हा जडपणा वेगळा होता. लगेच येणारा, सतत राहणारा, थांबल्यानं न जाणारा. जुन्या गाडीत दोन दुखणी एकत्र नांदतात आणि मोठं गेलं की धाकटं दिसायला लागतं. त्यांनी टायमिंग लाइट लावला. आयडलिंगला पुलीवरची खूण जागेवर. मला हळूहळू रेस वाढवायला सांगितली. खूण सरकायला हवी होती, ती थोडी हलली आणि तिथेच चिकटून बसली.

का सरकायला हवी ते सांगतो, कारण तुझ्या गाडीतही हे पाहायचंय. ठिणगी पडली की मिश्रण एकदम भडकत नाही, ज्योत सिलिंडरभर पसरायला थोडा वेळ लागतो. इंजिन जोरात फिरू लागलं तरी तो वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं असतात, ती वेगाबरोबर बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे नेतात. अशा जुन्या इंजिनांत वरच्या वेगाला ते सगळं मिळून तीस-पस्तीस अंशांच्या घरात जातं, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. वजनं अडकली तर ठिणगी उशिरा पडते, अर्धी आग एक्झॉस्टमध्ये जळते, ताकद जाते आणि इंजिन तापतं. पॉइंटखालची प्लेट उचलल्यावर वजनांच्या खुंट्या गंजानं आणि सुकलेल्या ग्रीसनं धरलेल्या दिसल्या. साफ केल्या, तेलाचा थेंब सोडला, स्प्रिंगा तपासल्या. त्या दिवसापासून घाटात गाडी तिच्या वयाला शोभेल अशी चढते. टायमिंग ‘कानानं’ लावणाऱ्यांना हा दोष सापडत नाही, कारण कानानं लावतात ते आयडलिंगचं टायमिंग.

बाकीच्या शक्यता थोडक्यात. व्हॅक्यूम गेज मिळालं तर जरूर घे, त्यासारखा स्वस्त सल्लागार नाही. इनटेक मॅनिफोल्डला लावलं की धडधाकट इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे 17 ते 21 इंच दाखवतं, काटा स्थिर. (पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, म्हणून माझ्याकडे दीड-दोन इंच कमीच दिसतात. तुझ्याकडे तशी सूट नाही.) फेऱ्या 2500 वर धरून ठेव. काटा सावरून जागेवर यायला हवा. हळूहळू खाली घसरतच राहिला तर सायलेन्सर आतून कोंडलाय. आतल्या पडद्या गंजून सुटतात आणि बाहेरून पत्रा शाबूत दिसतो. टॅपेट फिलर गेजनं तपासून घे. कॉम्प्रेशन घेताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेव. सिलिंडरा-सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर विचार करावा लागेल. थकलेल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा मात्र या परीक्षेत पकडल्या जात नाहीत, कारण स्टार्टरनं इंजिन सावकाशच फिरतं. त्या फक्त अगदी वरच्या फेऱ्यांना व्हॉल्व्ह वेळेवर बसू देत नाहीत. तुझी गाडी 45 मैलांनाच अडते, तेव्हा तो संशय मी शेवटी ठेवीन.

आता तुझ्या मायनरबद्दल. तुझ्याकडे एक फार मोठी सोय आहे. तुझा पेट्रोल पंप एस.यू. कंपनीचा, विजेवर चालणारा, बॉनेटखाली बल्कहेडवर बसवलेला, आणि तो टिकटिक करतो. ती टिकटिक ऐक. दम टाकते त्या क्षणी टिकटिक एकदम थांबली तर पंपाचे पॉइंट काजळले आहेत किंवा त्याची वायर सैल आहे. टकटकटक अशी घाईनं धावायला लागली तर पंपाला पेट्रोल मिळत नाही, कुठूनतरी हवा ओढतोय. अडखळत, जड पडत असेल तर ओढच अडलीय, माझ्यासारखी नळी बघ. नेहमीसारखी चालू राहिली आणि तरी गाडी मेली, तर पुरवठा बहुधा ठीक आहे, मग इग्निशनकडे वळ. चालवताना ऐकू येणार नाही, म्हणून वहिनींना शेजारी बसवून ऐकायला सांग.

इग्निशनमध्ये तुझ्या लुकास डिस्ट्रिब्युटरची एक जागा आवर्जून पाहा. पॉइंटच्या प्लेटला अर्थ देणारी एक बारीक, गुंफलेली तार असते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सनं प्लेट मागेपुढे हलून ती आतल्या आत तुटते, कव्हर मात्र शाबूत दिसतं. मग प्लेट एका जागी असताना करंट मिळतो आणि जरा फिरली की तुटतो. मीटर लावून प्लेट हातानं हलव, लगेच कळेल. कंडेन्सरही बदलून बघ. हल्ली नवे मिळणारे कंडेन्सर पुष्कळदा जुन्यापेक्षा वाईट निघतात, म्हणून ‘नवाच आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस.

आणि कार्ब्युरेटर बदलायच्या आधी त्याचीही एक परीक्षा. एअर फिल्टर काढून त्या एस.यू. कार्ब्युरेटरचा पिस्टन बोटानं वर उचल आणि सोड. तो न अडखळता खाली येऊन ‘टक्‌’ असा बसायला हवा. अडकत असेल तर वरचं भांडं आणि पिस्टन पेट्रोलनं पुसून कोरडे करून परत बसव, त्याला काही खर्च नाही. पिस्टन पूर्ण वर गेला नाही तर हवा कमी, सुईही वर जात नाही म्हणून पेट्रोलही कमी, आणि लक्षण अगदी तू लिहिलंस तसंच. या एका कारणानं किती कार्ब्युरेटर विनाकारण भंगारात गेले असतील!

मिस्त्रींबद्दल अजून थोडं लिहितो. 2023 च्या 30 ऑक्टोबरपासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे गेली. तिच्याबरोबर सुट्या भागांची दुकानंही आटायला लागली आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे बाटली नि डबा घेऊन गाडीला प्रश्न विचारणारी माणसं कमी होत चालली आहेत. भाग बदलत जाणं सोपं असतं, गिऱ्हाईकालाही काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण जुन्या गाडीचा मूळ भाग एकदा फेकला की त्या प्रतीचा परत मिळत नाही. तुझ्या गाडीवरचा एस.यू. कार्ब्युरेटर तिच्या जन्मापासूनचा आहे असं तू लिहिलंयस. तो मला फार मोलाचा वाटतो. मिस्त्रींच्या हाताखाली सध्या एक पोरगा शिकतोय, त्याला ते प्रत्येक परीक्षेचा निकाल वहीत लिहायला लावतात. माझ्या गाडीचं पानही त्या वहीत आहे, धारेच्या मापासकट. त्याचा फोटो सोबत पाठवतोय.

तर आता तू असं कर. आधी थ्रॉटल पूर्ण उघडतो का ते पाहा, मग पिस्टनची ‘टक्‌’ ऐक, मग रस्त्यावर पंपाची टिकटिक. कुठल्या गिअरमध्ये, किती वेगाला, किती वेळानं दम टाकते ते वहिनींकडून कागदावर उतरवून घे. प्लग काढशील तेव्हा एक ते चार या क्रमानं मांडून फोटो पाठव. मी ते मिस्त्रींना दाखवतो. त्यांचं उत्तर येईपर्यंत गॅरेजवाल्याला थांबायला सांग आणि मूळ कार्ब्युरेटर कुणाच्याही हाती देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
पुण्याचा मित्र